डोंगरावरचा ढेकर

मंडळी, आधी मला एक सांगा. समोरचा माणूस जेवलेला आहे की उपाशी, हे ओळखायचं कसं? विश्वास कुणावर ठेवायचा, त्याच्या जिभेवर की त्याच्या गळ्याच्या हाडावर? घाई नको. आम्ही तराजूची माणसं, गिऱ्हाईक बोलतं काय आणि पिशवी सांगते काय, हे बघत बघतच म्हातारे होतो. एक बाई ओटीभर कणी न्यायची आणि म्हणायची, "कोंबड्यांना हवी." कोंबड्यांना कणी आवडते, नाही कोण म्हणतो? पण तिच्या अंगणात कोंबडीचं पीस कुणी पाहिलं नव्हतं. आता ऐका गोष्ट, आणि मग काय ते उत्तर द्या.

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा राज्य करीत असे. नदी बारमाही, माती काळीभोर, दाणा टपोरा. राजा सज्जन होता, दयाळू होता. एवढंच की भूक कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. पोटात कावळा ओरडायच्या आधीच त्याच्यापुढे चांदीचं ताट येई.

त्या राज्याची एक रीत होती. पाणवठ्यावर, बाजारात, देवळाच्या पायरीवर दोन माणसं भेटली की पहिला म्हणे, "जेवण झालं?" दुसरा म्हणे, "झालं." की दोघं आपापल्या वाटेनं चालते होत. "झालं नाही" असं म्हणणं अभद्र मानीत. त्यामुळे उपाशी माणूसही "झालं" म्हणे, आणि वर दातात काडी घालून फिरे.

आणि कुणी असं म्हटलं की उत्तरेच्या डोंगरावर गडगडाट होई. लोक वर बघत, म्हणत, "आभाळ भरलं वाटतं." आभाळ तर स्वच्छ निळं. पण अंगवळणी पडलेला चमत्कार शेजारच्या कुत्र्यासारखा असतो. भुंकतो, भुंकू द्यावं.

राजवाड्याच्या उतारावर कोष्टीआळी होती. तिथे ठकूआई राहत असे. राजाला आणि त्याची धाकटी बहीण इंद्रावती हिला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. हात थकले तेव्हा ती आपल्या लेकीकडे, नातवंडांत राहायला आली. राजाने विचारलं होतं, "ठकूआई, धान्य पाठवू?" ती म्हणाली होती, "मला काय कमी आहे, बाळराजे?" राजाने ते खरं मानलं. घरात एक माग. माग चालला तर चूल पेटे. सूत संपलं की दोन्ही गप्प.

एके दिवशी इंद्रावती तिला भेटायला गेली. दिवेलागणीची वेळ. ठकूआईने समईकडे हात नेला तो समईच्या शेजारून गेला. पुन्हा नेला, पुन्हा हवेतच फिरला.

"ठकूआई, दिसत नाही?"

"उन्हं कलली की जरा अंधुक होतं, बाय. वय झालं."

तोंड सुजलेलं, पाय सुजलेले. सोबतची दासी म्हणाली, "पण तब्येत छान भरलीय हो आजींची." इंद्रावतीने ठकूआईच्या पायावर बोट दाबलं. खळगा पडला, तो भरून येईना. अंग भरलं असतं तर असं झालं नसतं.

राजवैद्य आले. त्यांनी नाडी धरली आणि विचारलं, "जेवण झालं?"

"झालं."

"मग ही पुडी घ्या. जेवणावरच घ्यायची."

ठकूआईने पुडी घेतली. रिकाम्या पोटात पुडीने आग लावली, पित्त उसळलं, म्हातारी घेरी येऊन पडली. आणि हे काही एकट्या ठकूआईचं नव्हे. आळीतल्या पोरांचे केस मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे तांबूस झाले होते. कुणाला मागावरच्या धोट्याचं टोक लागलं तर ती जखम महिना महिना भरत नसे. बायका घागर उचलता उचलता खाली बसत. वैद्य काही लबाड नव्हते. विचारायचे, आणि उत्तर मिळालं की पुडी द्यायचे. ते इंद्रावतीला बाजूला घेऊन म्हणाले, "राजकन्ये, पुडी अस्सल आहे. गुण का येत नाही, समजत नाही. असंच चाललं तर ठकूआई ही सुगी बघणार नाहीत."

राजकन्या माघारी आली आणि ठकूआईच्या शेजारी बसली. चुलीवरच्या मडक्यात थोडी पेज होती.

"ठकूआई, खरं सांग. जेवलीस?"

"जेवले गं. आत्ताच."

डोंगर गडगडला. आणि इंद्रावतीच्या डोळ्यांदेखत मडक्यातली पेज बोटभर खाली गेली.

राजकन्येने घोड्यावर खोगीर चढवलं आणि ती थेट डोंगराच्या पायथ्याशी गेली. तिथे जुना वड होता आणि वडावर धनेश पक्षी. चोच मोठी, आवाज त्याहून मोठा. ढोलीत त्याची बायको मातीने लिंपून बसलेली, फटीतून चोच तेवढी बाहेर.

"पक्षिराज, या डोंगरावर कोण गडगडतं?"

"गडगडत नाही, ढेकर देतो," धनेश म्हणाला. "त्याचं नाव ढेकरनाथ. तुझ्या आजोबांच्या काळी नदी आटली होती. या मांत्रिकाने ती परत आणली. दक्षिणा काय मागितली? म्हणाला, राज्यात ज्याने 'झालं' म्हटलं, त्याचा पुढचा घास माझा. आजोबा हसले. म्हणाले, जो जेवला त्याचं काय जातंय? दिलं."

मंडळी, सौद्यातली लहान अट नेहमी दोनदा वाचावी. आजोबांना माणसांची पोटं माहीत होती, मांत्रिकाला माणसांची लाज माहीत होती.

"यावर उपाय?"

"त्याच्या कमरेच्या करगोट्याला तीन गाठी आहेत. ज्याला भूक ठाऊक नाही, जी कधी मागत नाही, आणि ज्याला कधी कुणी विचारत नाही, अशा तिघांनी खरं उत्तर दिलं की तिन्ही सुटतील." तेवढ्यात ढोलीतून कर्कश ओरड झाली. धनेश उडायला निघाला. "बायकोला भूक लागली. ती ओरडते, मी उंबर आणतो. आमच्यात यात लाज नसते."

राजकन्या आधी भावाकडे गेली.

"दादामहाराज, तुम्हाला उपाशी राहायचं आहे."

"किती वेळ?"

"भूक लागेपर्यंत."

"ती ओळखायची कशी?"

"ती आपली ओळख आपणच करून देते."

बहिणीचा शब्द आणि ठकूआईचा जीव. राजाने मान्य केलं. मुदपाकखान्याला कुलूप लागलं, आचारी आपापल्या गावी गेले. सकाळ बरी गेली. दुपारी दरबारात कुंभाराच्या गाढवाने माळ्याचा वाफा खाल्ल्याचा तंटा आला, तर राजाने गाढवाला हद्दपार केलं. मग शेजारच्या राजाचा दूत आला. त्याच्या उपरण्याला फोडणीचा वास येत होता, म्हणून अरिंजयाने युद्ध पुकारलं. प्रधानांनी लगबगीने दूताला बाहेर नेलं आणि सांगितलं, "हे मनावर घेऊ नका."

राजाचं डोकं ठणकत होतं. बोटांत मोहोर धरवेना. साधी बेरीज त्याने दोनदा केली, दोन्ही उत्तरं वेगळी आली.

"इंद्रे, मला काही सुचत नाही."

"कोष्टीआळीतली पोरं रोज अशीच पंतोजींपुढे बसतात, दादामहाराज. आपण त्यांना मठ्ठ म्हणतो."

इतक्यात चवरीवाला सेवक रिवाजाप्रमाणे म्हणाला, "महाराज, जेवण झालं?"

आणि राजाची जीभ आपसूक म्हणाली, "झालं."

डोंगरावरून खणखणीत ढेकर आला. राजा आपल्याच तोंडावर हात ठेवून बसला. आज त्याला कळलं की हा शब्द किती सोपा आहे आणि दुसरा किती जड.

इकडे राजकन्या निघाली ज्याला कुणी विचारत नाही त्याच्या शोधात. आधी गेली सुळावर चढवणाऱ्याकडे. म्हटलं, याला कोण विचारणार? तो म्हणाला, "राजकन्ये, बाहेर कुणी विचारत नाही खरं. पण घरी बायको विचारते. बाहेर खाऊन गेलो तर फारच विचारते." मग ती करवसुली करणाऱ्या अंमलदाराकडे गेली. तो म्हणाला, "मला तर प्रत्येक घरात विचारतात. मी निघालो की मग ते जेवायला बसतात." मग स्मशानातल्या जोग्याकडे गेली. तो काही बोलला नाही, पण त्याच्या कुत्र्याने तिच्या हातातली भाकरी पळवली आणि जोग्यापुढे नेऊन ठेवली. म्हणजे त्यालाही विचारणारा होता. राजकन्या हात हलवीत परत फिरली.

संध्याकाळी ती ठकूआईच्या दारी पोहोचली, तर उंबऱ्यात राजा उभा. ना पालखी, ना छत्र. भुकेल्या माणसाचे पाय त्याला कुठे नेतात? जिथे लहानपणी घास मिळाला तिथे.

ठकूआई आत भिंतीला टेकून बसली होती. "कोण ते? पायांवरून बाळराजे वाटतात. जेवण झालं?"

राजाने ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग म्हणाला, "नाही. ठकूआई, मला भूक लागलीय."

डोंगरावर काहीतरी तटकन तुटलं. पहिली गाठ सुटली.

म्हातारी भिंतीचा आधार घेत उठली. चाचपडत मडक्याकडे गेली, झाकण काढलं, पळी फिरवली. पळी तळाला खरखरली. वैद्याला सांगता येतं, शेजारणीला सांगता येतं, राजकन्येलाही सांगता येतं. पण ज्याला आपण भरवलं ते लेकरू हात पुढे करून बसलंय, त्याच्यापुढे रिकामं मडकं कुठे लपवणार?

"बाळराजे, मडक्यात काही नाही."

"मग तू काय खाल्लंस?"

ठकूआईने पळी मडक्याच्या काठाला टेकवली.

"काही नाही. कालही नाही. कण्यांची पेज केली होती, ती पोरांना घातली. मी पाणी प्यायले." आणि डोक्यावरचा भारा उतरवावा तशी खाली बसली. "मला भूक लागलीय रे."

दुसरी गाठ सुटली. मडक्यातून पेज वर येऊ लागली, काठापर्यंत आली. कोनाड्यातला रिकामा डबा जड झाला. परसातल्या वाळक्या शेवग्याला पाला फुटला. हे सगळं आळीभर झालं, म्हणून शेजारणी दारात आल्या.

"ठकूआई, तुमच्याकडे काही नव्हतं? सांगायचं नाही का?"

"तू तरी कधी सांगितलंस, चिमे?"

"आमच्याकडे आठवडाभर मीठ-पाणीच होतं."

"आणि तुझा नवरा दातात काडी घालून मिरवत होता तो?"

"अहो, ती एकच काडी होती, तीच रोज."

हसता हसता आळीभर चुली पेटल्या. एकीने पीठ काढलं, एकीने शेवग्याचा पाला खुडला, एकीची डाळ, एकीची मिरची. राजाला लसूण सोलायला बसवलं. लसूण कमी सोलला, खाल्ला जास्त.

इतक्यात जमीन हादरली. डोंगरावरून ढेकरनाथ उतरला. पोट पुढे, तो मागे. घराघरांवर सावली पडली.

"माझा घास कोणी अडवला?"

राजाने तलवारीला हात घातला. राजकन्या ठकूआईपुढे आडवी आली. ठकूआईला मात्र त्या संधिप्रकाशात दारात कुणीतरी मोठं उभं आहे, एवढंच दिसलं. पदर खोचलेला, हातात पळी. तिने जन्मभर दारात आलेल्या प्रत्येकाला जे विचारलं, तेच विचारलं.

"कोण ते? जेवण झालं का रे?"

ढेकरनाथाने तोंड उघडलं. ढेकर आला नाही. त्याने अख्ख्या राज्याचं "झालं" गिळलं होतं, घास गिळले होते, पण डोंगरावर जाऊन त्याला विचारायचं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. इंद्रावतीला तेव्हा कळलं की तिसरा कोण. ती हळूच बाजूला झाली.

"नाही," मांत्रिक म्हणाला. आवाज अगदी बारीक. "किती खाल्लं, पण झालं नाही."

"मग उभा काय राहिलास? पाय धू आणि बस तिथे, राजाशेजारी."

तिसरी गाठ सुटली. वारा गेलेल्या तंबूसारखं ते पोट खाली बसलं, आणि आतून निघाला एक सुकलेला, साधा माणूस. त्याने पाय धुतले. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरीला पानावर आडवा हात धरला. डोंगर शांत होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. ठकूआईचे डोळे काही त्या एका रात्रीत सुधारले नाहीत. तेवढं मंत्रानेही होत नाही. शेवग्याचा पाला, दूध, पिकलेली पपई, वेळेवर भाकरी, असं चालत राहिलं. सुगी आली तेव्हा तिने दिवेलागणीला समई पहिल्या खेपेत लावली आणि दासीला म्हणाली, "आता भरलीय म्हण तब्येत." वैद्यांनी आपल्या पेटीत पुड्यांच्या वर पेजेची लोटी ठेवायला सुरुवात केली; आधी पेज, मग पुडी, आणि पुडीला गुण येऊ लागला. गाढवाची हद्दपारी रद्द झाली. राजाने आळीआळीत कोठार उघडलं, पंतोजींच्या ओसरीवर पोरांसाठी चूल मांडली, आणि नवा कायदा केला: हातात पळी असल्याखेरीज कुणी कुणाला "जेवण झालं?" असं विचारू नये. नुसतं विचारणं वेगळं आणि पळी घेऊन विचारणं वेगळं. ढेकरनाथाने कोठारावर नोकरी मागितली. राजा सज्जन होता, खुळा नव्हता; त्याने त्याला सरपण फोडायला ठेवलं. दोन वेळचं ताट मात्र ठरलेलं, आणि वाढणारी रोज विचारून वाढी.

तर मंडळी, राज्य त्यांचं सुखी झालं, चूल तुमची पेटती राहो. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. रात्री घरातली, आळीतली जेवलेली माणसं मोजाल, तेव्हा हिशेब खरा ठेवा. आणि वाढणारीलाही त्यात धरा.