रेशमाची गाठ

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या राजवाड्यात एका पसरट कुंडीत वावळाचे झाड होते. रानातला वावळ चांगला उंच वाढतो. हा मात्र साठ वर्षांचा होऊनही हातभरच होता.

त्याची निगा एक माळीण राखत असे. माघात पाने गळाली की उघड्या फांद्या नीट दिसत. तेव्हा झाडाला डौलदार आकार यावा म्हणून ती त्यांना हळूच वाकवून सुतळीने कुंडीच्या कडेला बांधी आणि पावसाळ्याआधी सगळ्या सुतळ्या सोडी. प्रत्येक गोष्टीचे कारण शोधायची तिला खोडच होती. प्रधानजी हसून म्हणत, "ही झाडाला प्रश्न विचारते. एक दिवस झाड उत्तर देईल, आणि माझी प्रधानकी हिच्याकडे जाईल!"

एका माघात राजा तिच्या शेजारी येऊन बसला. "माळीणबाई, एक फांदी मला बांधू द्या."

"बांधा की, महाराज. पण सुतळी हाताला टोचेल हं."

"सुतळी कशाला?" राजाने आपल्या शेल्यातला रेशमाचा धागा ओढून काढला आणि सगळ्यांत कोवळी फांदी बांधली. गाठ जरा वेडीवाकडीच आली, पण राजाला तिचे केवढे कौतुक! येईल त्या पाहुण्याला तो ती दाखवू लागला.

ज्येष्ठात माळिणीने आपल्या सुतळ्या सोडल्या. रेशमाच्या गाठीपाशी तिचा हात थांबला. 'महाराजांनी हौसेने बांधलीय. आणि मऊसूत रेशीम ते, काय काचणार?' असे म्हणून तिने ती राहू दिली.

पावसाळ्यात झाड हिरवेगार झाले, फांद्या जाडावल्या. श्रावणात मात्र एकाच फांदीची पाने पिवळी पडू लागली. राजाचीच फांदी!

माळीण चक्रावली. पाणी तेच, माती तीच, मग हिलाच काय झाले? तिने कुंडी फिरवून ती बाजू उन्हाकडे केली. पाने उलटून कीड शोधली. माती उकरून मुळे पाहिली, तर ती चांगली निरोगी. आठ दिवसांत निम्मी पाने गळाली. फांदी मेली तर झाड त्या बाजूने बोडके होणार होते. इतक्या जुन्या खोडाला तिथे नवी फांदी फुटेल, याचा काय भरवसा?

शेवटी तिने डोळे मिटले आणि फांदीवरून टोकापासून बोट फिरवत आणले. मध्येच ते एका खाचेत अडकले. फांदीभोवतीचा रेशमाचा वेढा सालीत रुतून दिसेनासा झाला होता.

ती तशीच राजाकडे गेली. "महाराज, तुमची गाठ कापावी लागेल."

"अगं, काय बोलतेस?" प्रधानजी दचकले. "महाराजांच्या हातची गाठ ती!"

"म्हणून तर मीही सोडली नाही, प्रधानजी. चूक माझीच आहे."

राजा म्हणाला, "पण रेशीम कसं काचेल?"

"मलाही तसंच वाटलं होतं. तुम्हीच बोट लावून बघा."

राजाने झाडापाशी जाऊन बोट लावले. त्याचा चेहरा उतरला. "कापली तर फांदी पुन्हा वर जाईल ना?"

"ती केव्हाच वळलीय, महाराज. आता तिला गाठीची गरज नाही."

राजाने स्वतः कात्रीच्या टोकाने एकेक तंतू कापला. फांदी थरथरली, पण जागची हलली नाही.

आश्विनात तिला पालवी फुटली. टोकाच्या दोन डहाळ्या मात्र वाळल्या, आणि सालीवरचा खोल वळ कायमचा राहिला.

पुढच्या माघात राजाने पुन्हा एक फांदी बांधली, पुन्हा रेशमानेच. ज्येष्ठ लागला त्या सकाळी माळीण झाडाला पाणी घालत होती, तोच राजा कात्री घेऊन हजर.

"आज सोडायची ना?" त्याने विचारले.

बोध: प्रेमाने दिलेला आधारही वेळेवर सोडला नाही, तर त्याचाच काच होतो.