बारकीचे खडे

फार जुनी गोष्ट. माळावर एक वारूळ होतं, सगळ्या वाळव्यांनी मिळून बांधलेलं. ज्याला सुचेल त्याने माती लावावी, अशी तिथली रीत. म्हाताऱ्या बारकीचं काम मात्र वेगळं. काल चालत होतं ते आज का बिघडलं हे शोधायचं आणि ज्याच्या मातीने बिघडलं त्याच्या दाराशी खडा ठेवायचा. दुरुस्ती झाली की खडा उचलायचा.

एकदा धोंडूने मोठं दालन बांधलं. दुसऱ्याच दिवशी तळघरातल्या दाया धावत आल्या. “कालपर्यंत वारा यायचा, आता पिल्लं गुदमरताहेत!”

बारकीने मातीचे थर खरवडत माग काढला. धोंडूच्या भिंतीने वाऱ्याची वाट बुजली होती. तिने खडा ठेवला.

“माझ्या दालनात तर छान वारा आहे,” धोंडू फणकारला. “कौतुक राहिलं बाजूला, वर हा खडा!” बाकीच्यांनीही त्याचीच री ओढली.

दाया रोज येत, बारकी रोज खडा ठेवी. आठव्या दिवशी कुणीच आलं नाही.

“मिटली ना तक्रार?” धोंडू खुशीत म्हणाला. “उचल आता खडे.”

बारकी तळघरात जाऊन आली होती. तिथे आता एकही पिल्लू हलत नव्हतं.

“तूही खाली जाऊन ये,” ती म्हणाली. “मग तूच उचल.”