वेलीचं बारसं

“मग अण्णा, नावं पसंत आहेत ना?” विद्याधरनं तिसऱ्यांदा विचारलं.

अण्णा गवाणकर सुपारी कातरत बसले होते. रानाच्या कडेला राहून त्यांनी तीन पिढ्यांना झाडं ओळखायला शिकवलं आणि स्वतः एक ओळ लिहिली नाही. ती कसर त्यांच्या या शिष्यानं भरून काढली होती.

सहा वर्षं खपून विद्याधरनं दोन नव्या वेली शोधल्या होत्या. दोन्ही सुरणाच्या कुळातल्या, झाडावर चढणाऱ्या. एकीची पानं तळहाताएवढी, अखंड, खोडाला चिकटलेली. दुसरीची सुपाएवढी, भोकं पडलेली, कडेनं फाटलेली. दोघी एकाच झाडावर गुण्यागोविंदानं नांदतात, हा तर त्याच्या निबंधाचा कळस; झाड कुठलं, ते मात्र निबंधात कुठंच नव्हतं. निबंध उद्या छापायला जायचा होता. मोठ्या पानांच्या वेलीला त्यानं अण्णांचं नाव दिलं होतं आणि लहान पानांच्या वेलीला, अगदी नाइलाजानं, स्वतःचं.

“वरची पानं कशी काढलीस?” अण्णांनी विचारलं.

“खालून. आकडीनं.”

“हं...”

अण्णा त्याला त्याच झाडापाशी घेऊन गेले. शिडी लावली. बुंध्याजवळ लहान पानांच्या वेलीच्या दांड्यावर त्याचं बोट टेकवलं आणि हे बोट न उचलता दुसरी वेल गाठ, एवढंच म्हणाले.

पन्नाशीचं पोट सांभाळत विद्याधर चढू लागला.

लहान पान. लहान पान. जरा मोठं पान.

मग एक पान आलं, त्याला एकच भोक होतं...

त्याच्या वरच्याला तीन.

बोट दांड्यावरच होतं आणि डोक्यावर सुपाएवढी पानं डुलत होती. विद्याधरला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

“अण्णा... ही एकच वेल आहे. लहानपणी तशी, मोठेपणी अशी.”



शिडी डुगडुगली तसं विद्याधरनं दोन्ही हातांनी झाड कवटाळलं. सहा वर्षं पाण्यात गेली होती. पण तो जातिवंत विद्वान, दोन श्वासांत सावरला. दोन नाही तर नाही, एक तरी नवी वेल हाताशी होतीच.

“मग आता नाव कुणाचं द्यायचं?” त्यानं वरूनच विचारलं. “तुमचं की माझं?”

अण्णांनी मान वर केली.

“ज्याला मिठी मारून उभा आहेस, त्याचं नाव सांग आधी.”