राजतलावातलं भानजीचं नाव

एका राज्यात पाण्याला माणसं कळत. कोणी वारलं, की घरच्यांनी राजतलावाची ओंजळ भरायची, तिच्यात त्याचं नाव उच्चारायचं आणि पाणी परत सोडायचं. तलाव नितळ राहिला तर माणूस चांगला. गढुळला, तर त्या घराने गुरांच्या मागून पाणी भरायचं.

तलावाचं पाणी पाटांनी शेतांना सोडणारा पाटकरी भानजी बुडून मेला. आईने ओंजळ सोडली आणि अख्खा तलाव काळा झाला.

लोक म्हणाले, "पाणी विकलं त्या तळाशी कोंडलेल्या मांत्रिकाला!"

भानजीचा धाकटा भाऊ राणू त्यांच्या अंगावर धावून गेला, पण खरं बोलला नाही. सोनेरी मासा धरायला तळातल्या मोरीचं तोंड बंद करणारा दट्ट्या त्यानेच उपसला होता. त्यामुळे तो मांत्रिक सुटू लागला. भानजीने बुडी मारून दट्ट्या परत बसवला. मांत्रिक आतून ओरडला, "तुझं नाव काळं होईल!" भानजी वर आला नाही.

राणूने खंड्या पक्ष्याला दादाचं नाव उजळायचा उपाय विचारला.

"तीन ओंजळी आण," खंड्या म्हणाला. "एक ढगाच्या पोटातली, एक मृगजळाची. तिसरी मग सांगेन."

राणूने डोंगरमाथ्यावर निजलेला ढग पिळला. मृगजळामागे तीन दिवस धावला. चौथ्या दिवशी तेच दमून बसलं. दोन्ही ओंजळी तलावात सोडल्या. काही झालं नाही.

"फसवलंस, लांबचोच्या!"

"तिसरी याच तलावाची. तिच्यात खरं बोल. सगळ्यांदेखत."

"आईसमोर?"

"आईसमोर."

सकाळी घाटावर गर्दी होती. राजाही आला होता.

"आला बघा पाणीविक्याचा भाऊ!" एक बाई म्हणाली.

राणूने ओंजळ भरली. "मासा मला हवा होता. दट्ट्या मी उपसला. दादा तो बसवायला गेला. दादा माझ्यामुळे मेला."

त्याने ओंजळ सोडली आणि तलाव तळापर्यंत नितळ झाला. तळाशी भानजी होता, दोन्ही हातांनी दट्ट्या दाबून.

राजा स्वतः पाण्यात उतरला. दट्ट्या पक्का बसला होता. त्याने भानजीला वर आणलं. मग राणूकडे बोट दाखवून राजाने आईला विचारलं, "माई, याला शिक्षा काय द्यावी?"

आईने राणूकडे बघितलं.

"महाराज, चितेला अग्नी द्यायला हाच उरलाय," ती म्हणाली. "राणू, रडतोस काय? पाय धर दादाचे. घरी नेऊ त्याला."

शाप सरला, नाव उजळलं, आणि राणू दादाला उचलून चालू लागला.