पाणकावळ्याच्या उमेदवारीवर हरकत

फार पूर्वी एका तळ्याने आपला राखणदार मतदानाने निवडायचे ठरवले. तळ्यातल्या कुणालाही न गिळणाराच उमेदवार पात्र, असा नियम होता. पाणकावळ्याने अर्ज भरला. छाननीच्या वेळी एका मासोळीने हरकत घेतली, "कासवआजोबा, इथं येता येता यानं माझ्या बहिणीला गिळलंय. हा राखणदार झाला, तर आम्ही संपलोच!"

"पुरावा?" छाननी करणाऱ्या कासवाने विचारले.

"त्याच्या गळ्यात आहे."

पाणकावळ्याने चोच घट्ट मिटून नकारार्थी मान हलवली.

"मानेची नोंद होत नाही," कासव शांतपणे म्हणाले. "खुलासा तोंडी द्या, नाहीतर अर्ज बाद."

नाइलाजाने पाणकावळ्याने चोच उघडली, "मी निर्दोष..."

तोच आतून बहीण बाहेर उडाली आणि धापा टाकत म्हणाली, "आजोबा, माझीही हरकत लिहून घ्या!"