तीनदा नाही म्हणणारा राजा

सगळा दोष पुंडरीकशास्त्र्यांचा. करंजगडच्या भर दरबारात त्यांनी छाती ठोकून सांगितलं होतं, की आपल्याला अठरा भाषा येतात आणि शंखबेटाची तर तोंडपाठ आहे. राजा धैर्यराजाला समुद्रापलीकडे जाऊन आठ दिवस मौज करायची होती. त्याने शास्त्रीबोवांना दुभाषी नेमलं, बोवांनी मानाची शाल पांघरली आणि जहाज निघालं.

बोवांना ती भाषा येत होती एका शब्दापुरती. माबू, म्हणजे नाही. तोही तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकलेला. 'मला येत नाही' हे वाक्य मात्र त्यांना अठरातल्या एकाही भाषेत येत नव्हतं.

पहिल्या मेजवानीआधी त्यांनी राजाला पढवलं, "महाराज, वाढपी काहीही विचारो, आपण माबू म्हणायचं. तीनदा नाही म्हटल्याशिवाय घास उचलणं राजाला शोभत नाही. ते आग्रह करतीलच. जगात सगळीकडे हीच रीत."

जगात कशाला, या बेटावरही नव्हती. शंखबेटावर पाहुणा एकदा नाही म्हणाला की विषय संपला. पुन्हा विचारणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. वाढपी भाजलेला मासा घेऊन आला, राजा डौलात माबू म्हणाला आणि मासा गेला. नारळाच्या दुधातला भात आला, गेला. मधातली केळी आली, गेली. राजा दुसऱ्यांदा विचारतील म्हणून कान टवकारून बसला, तोवर पाहुण्यांचे हात धुवायला पाणी आलं.

"आज त्यांची एकादशी असावी," शास्त्रीबोवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बोवांनी ग्रहण लावलं. तिसऱ्या दिवशी बेटाच्या राजाची एक मावशी मारून सुतक आणलं. तीन दिवस करंजगडचा राजा पानाच्या डब्यातल्या सुपारीवर जगला.

तो डबा सांभाळायची भिवरा. पालखीच्या भोयाची पोर, वय सतरा. ती मात्र मजेत होती. पहिल्या रात्री मुदपाकखान्यात तीही सवयीने एकदा माबू म्हणाली होती. म्हाताऱ्या स्वयंपाकिणीने लगेच भाताचं भांडं उचललं आणि घासायला टाकलं. भिवरा एकदाच उपाशी झोपली. दुसऱ्या दिवसापासून विचारायच्या आधीच तिचं ताट पुढे.

चौथ्या दिवशी सकाळी राजाने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"भिवरे, तुझे गाल वर आलेत. काय खातेस?"

"वाढतील ते खाते, महाराज. ते विचारतात, मी ताट पुढं करते."

"अडाणी पोर," शास्त्रीबोवा मध्येच म्हणाले. "पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा राजा म्हणजे दुष्काळातून आलेला राजा. करंजगडची अब्रू जाईल."

राजाचं पोट गुरगुरलं, पण अब्रूचं नाव निघाल्यावर तो ताठ बसला.

"ऐक. आज दुपारी मोठी मेजवानी आहे. मी तीनदा माबू म्हणणार, एकदाही हो म्हणणार नाही. आम्ही भुकेले आहोत हे यजमानांना कळता कामा नये. आणि तरी मला पोटभर जेवायला मिळालं पाहिजे. नाही जमलं, तर तुला इथेच भांडी घासायला ठेवून जहाज जाईल."

भिवराच्या घरी म्हैस व्यायला टेकली होती, आणि ती भिवराशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नसे.

"महाराज, हे शास्त्रीबोवांना का नाही सांगत? अठरा भाषा त्यांना येतात."

"असली हलकी कामं मी करत नाही," बोवा घाईघाईने म्हणाले.

भिवराला त्या बेटाचे चार शब्द येत होते, चारही खरकट्याजवळ शिकलेले. ती थेट स्वयंपाकिणीकडे गेली, राजाचं ताट मागून घेतलं, पोटावरून हात फिरवला आणि बोटाने 'भर, अजून भर' अशी खूण केली. राजा येण्याआधी ताट त्याच्या पाटासमोर मांडून ती शेजारी उभी राहिली.

राजा बसला. भिवरा वाकून म्हणाली, "दोलाय?"

"माबू," राजा खिन्न होऊन म्हणाला, आणि मासा जाताना बघावा लागू नये म्हणून त्याने डोळे मिटले.

उघडले तर मासा तिथेच.

"दोलाय?"

"माबू."

मासा तिथेच. भातही तिथेच. केळ्यांवरचा मध ओघळत होता.

"दोलाय, महाराज?"

"माबू!" राजा ओरडला. तीनदा नाही म्हणून झालं होतं, अब्रू शाबूत होती आणि ताट जाग्यावर होतं. त्याने दोन्ही हातांनी जेवायला सुरुवात केली.

शेजारी बोवांपुढे बेटाचा वाढपी नेहमीसारखा भात घेऊन आला. त्याने विचारलं, बोवा माबू म्हणाले आणि भात गेला.

"भिवरे," बोवा कुजबुजले, "हो कसं म्हणायचं गं यांच्यात?"

"शास्त्रीबोवा, तुमची तर ही भाषा तोंडपाठ आहे," राजा भरल्या तोंडाने म्हणाला. "पोरी, तू काय विचारत होतीस मला?"

"ताट उचलू का, असं विचारत होते, महाराज. इथली म्हातारी खरकटं काढताना रोज विचारते. आपण नाहीच म्हणणार होता. मग वाढू का म्हणून कशाला विचारायचं?"

राजाला हसताना ठसका लागला. पाणी पिऊन तो पुन्हा हसला, इतका की त्याचं बघून बेटाचा राजाही हसायला लागला. मग धैर्यराजाने हात पुसले, बोवांच्या खांद्यावरची शाल उचलली आणि भिवरापुढे धरली.

"आजपासून दुभाषी तू. ही शाल, आणि घरी गेल्यावर आणखी दोन म्हशी. घेणार?"

भिवराने विचारायच्या आधीच हात पुढे केले होते.

जहाज ठरल्या दिवशी निघालं. पुंडरीकशास्त्र्यांना ही सफर एक शाल, दुभाष्याची जागा आणि चार दिवसांची जेवणं एवढ्याला पडली.