धुरपदाआईचे डोहाळे

फार वर्षांपूर्वी, हिवरतळ्यावर संस्थानाचा अंमल होता आणि वरच्या डोंगरात वाघ होता, तेव्हा या गावात धुरपदा नावाची सुईण होऊन गेली. आडवं आलेलं मूलसुद्धा तिची चाहूल लागली की आतल्या आत सरळ व्हायचं, असं म्हणतात. गावातला मिशीला पीळ देणारा प्रत्येक बाप्या पहिल्यांदा रडला तो तिच्याच तळहातावर. त्यामुळे तिच्यापुढे आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. पाटलाचीही नव्हती.

त्याच काळात गावानं शाळा बांधली. दरबारानं नव्हे, गावानं. हे नीट ऐका, कारण पुढे ज्यानं त्यानं ती आपलीच म्हणून मिरवली. ओढ्यातला काळा दगड ज्याच्याकडे बैल होता त्यानं गाडीतून आणला, ज्याच्याकडे नव्हता त्यानं डोक्यावरून. गावकुसाबाहेरच्यांनीही दगड वाहिले. “दगूड चालतो तर पोरगंबी चालंल,” असं धुरपदानं चावडीवर जाऊन बजावलं, आणि त्यांची पोरं आत बसली. चुन्यात गूळ पडला, हिरड्याचं पाणी पडलं. भिंत अशी रुंद उठली की तिच्यावरून शेळी आपल्या करडांना घेऊन चालत जाई. दारातल्या पायरीवर पोरं दगडी लेखणीला टोक काढायची. त्या घासण्यानं पायरीला खाचा पडल्या, आणि डोळे गेलेले म्हातारेही बोट फिरवून सांगायचे, ही माझ्या नातवाची, ही त्याच्या थोरल्या भावाची.

धुरपदाची नात गंगू ही त्या शाळेत बसलेली पहिली मुलगी. एका दुपारी ती पाटी घेऊन पळत घरी आली.

“आज्ये, ही बघ तू.”

धुरपदानं चार अक्षरांची ती पाटी उलटसुलट करून पाहिली. “एवढीशीच व्हय मी?”

“एवढीच. पण आता कुणालाबी वाचता यील.”

म्हातारीनं ती पाटी त्या दिवशी पुसू दिली नाही. गंगूनं शिकावं, इतकं शिकावं की गावातल्या साऱ्या पोरींना तिनं ओढून न्यावं, एवढी एकच आस तिला लागली.

आणि नेमका तेव्हाच त्र्यंबकराव कारभारी गावात उतरला.

दरबाराला डोंगरावर शिकारखाना बांधायचा होता. बडे पाहुणे येणार होते, वाघ मारणार होते, आणि त्यांना टेकायला घडीव दगडाची भिंत हवी होती. खाणीतून दगड काढायला वेळ लागतो. हिवरतळ्यात तो घडवून, रचून, अगदी तयार उभा होता! कारभाऱ्यानं चावडीत सभा भरवली, तबकात विडा ठेवला आणि म्हणाला, “दरबाराचं एक काम आहे. कोण उचलतो?”

आता हिवरतळ्याची रीत अशी, की ठेवलेल्या विड्याला काम विचारायचं नाही. जो विचारतो तो भ्याला. बाळोजी पाटलाला वाटलं, वाघाचा हाका असेल. त्यानं छाती पुढे काढली, विडा उचलला आणि तोंडात टाकला. तो चावून व्हायच्या आत कारभाऱ्यानं काम सांगितलं: शाळा पाडायची आणि दगड डोंगरावर चढवायचा.

पाटलाचं पान घशात अडकलं. पण शब्द गेला तो गेला. सगळे बाप्ये माना खाली घालून घरी आले.

धुरपदानं पाटलाला त्याच्याच अंगणात गाठलं. “बाळू, जन्मलास तवा बी तू असाच घाई करून आल्तास. पायाकडनं.”

“आत्ती, विडा उचललाय गं. आता गावानं आडवं येऊन चालत न्हाय.”

“गावानं न्हाय, बाप्यांनी उचललाय. आमच्यापुढं कुणी तबक धरलं हुतं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारी, घण आणि गाड्या घेऊन यल्लाप्पा मुकादमाची माणसं शाळेपुढे आली. बघतात तो काय! दाराला कडुलिंबाचा टाळा, उंबऱ्यात शेगडी, शेगडीवर ओव्याचा धूर, आणि आतून नुकत्या जन्मलेल्या पोराचा टाहो. कुंभाराच्या सुनेला, पारूला, पहाटे कळा लागल्या होत्या, आणि धुरपदानं तिला सरळ शाळेत आणून निजवलं होतं.

“बाळंतिणीची खोली हाय,” ती दारात उभी राहून म्हणाली. “सव्वा महिना परक्या बाप्याचं पाऊल न्हाय पडायचं. घाल बाबा घण, घालायचा तर.”

यल्लाप्पानं घण खाली ठेवला. “माझ्याबी घरात लेकी हायत, आई. बाळंतिणीच्या डोक्यावरचं छप्पर मी काढत न्हाय.”

कारभारी ओरडला, पाय आपटले, पण एकही हात हलेना. अहो, बाईला विटाळ म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात बसवणारी ती रीत! धुरपदानं तीच रीत उचलली आणि तिचा तट केला!

सव्वा महिना सरला, आणि आत पाटलाची पुतणी निजली. ती उठली, तर गुरवाची लेक. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तर आपला शिरस्ताच. हिवरतळ्याच्या दिलेल्या लेकी सासरहून निघाल्या आणि थेट शाळेत उतरल्या. मुलं ओसरीत बसायची, मास्तर हलक्या आवाजात पाढे म्हणवून घ्यायचे, आणि आतली तान्ही अंगाईऐवजी पाढेच ऐकायची. त्यातलं एक पोर पहिल्यांदा बोललं तेच ‘बे एके बे’, असं म्हणतात. त्याची आई वाट बघत होती आई म्हणण्याची!

पण पोटं काही हुकमानं भरत नाहीत. एक दिवस असा आला की शेवटची बाळंतीण ओटी भरून सासरी गेली आणि गावात दिवस भरलेली एकही बाई उरली नाही. ही खबर कारभाऱ्याला लागली. तो जातीनं आला, पहारेकरी घेऊन आला, कौलांनी भरलेल्या शिकारखान्याच्या गाड्याही मागे घेऊन आला. खाली पाडायचं, वर चढवायचं, एकाच खेपेत!

धुरपदानं गाड्यांची धूळ पाहिली. तिनं गंगूला ओसरीत बसवलं, “पाटीवरनं नजर काढू नगंस” म्हणाली, आत गेली, कंबर धरून आडवी झाली आणि अशी किंकाळी फोडली की ओढ्याचं पाणी थबकलं, असं म्हणतात.

“मला दिवस गेल्यात!” सत्तरी ओलांडलेली धुरपदा आतून ओरडली.

बाहेर कारभारी खदखदून हसला. “म्हातारे, खोटं बोलतेस!”

“मग या की बघायला! बाप्या माणसानं तपासायची रीत निघाली असंल दरबारात, तर या आत!”

आता हसायची पाळी यल्लाप्पाच्या माणसांची होती. कारभाऱ्याचा चेहरा तांबडा झाला. बाईची तपासणी सुईणच करणार, दुसरं कोण? त्यानं शेजारच्या गावची सुईण आणवली. ती आत गेली, पदरानं तोंड पुसत बाहेर आली आणि गंभीरपणे म्हणाली, “खरं हाय, सरकार. पर येळ लागंल.” त्यानं पेठेतली सुईण आणवली. ती म्हणाली, “जुळं दिसतंय.” संस्थानाच्या टोकावरची आणवली. ती तर कानाला हात लावून म्हणाली, “लई हायत, मोजता येईनात!” कारभाऱ्याला कोण सांगणार, की त्या मुलखातली झाडून साऱ्या सुइणी धुरपदाच्याच हाताखाली तयार झाल्या होत्या?

कारभारी शाळेपुढेच तंबू ठोकून बसला, आणि मग तिला डोहाळे लागले. कधी जांभळं, कधी कोवळ्या चिंचेचं बोटूक, कधी कारभाऱ्याच्या तंबूतलं लोणचं. गर्भारणीला नाही म्हणेल त्याच्या डोळ्याला रांजणवाडी येते, असं त्या भागात पक्कं मानतात. कारभारी हे थोतांड म्हणायचा. एके दिवशी धुरपदानं निरोप धाडला:

“मला कौल खावंसं वाटतंय. त्या गाडीतलं. नवं, भाजलेलं.”

गर्भार बायांना माती, खापर खावंसं वाटतं, हे कुणाला ठाऊक नाही? पण ती गाडी शिकारखान्याची होती. “एक तुकडाही मिळणार नाही!” कारभारी गरजला.

सकाळी त्याचा उजवा डोळा लिंबाएवढा सुजला होता. दुपारी डावा. असं म्हणतात की समोरचं माणूस दिसेना म्हणून तो तंबूच्या खांबाशीच दरबारी भाषेत बोलत राहिला. संध्याकाळी त्यानं हात जोडले. “द्या तिला! सगळी द्या!”

गाड्या शाळेपुढे रित्या झाल्या. धुरपदानं एका कौलाचा कोपरा कचकन् चावला आणि म्हणाली, “गोड हाय. ऱ्हायल्याली वर चढवा.” यल्लाप्पाची माणसं पाडायला आली होती, तीच हसत हसत शाळेवर चढली. छपरावरचं जुनं गवत निघालं, शाळा कौलारू झाली.

अशा गोष्टी दाबून राहत नाहीत. तमाशा बघायला खुद्द राजेसाहेब घोड्यावरून आले. खाली उतरले, ओसरीच्या कडेला बसले, आणि बंद दाराकडे तोंड करून विचारलं, “आई, काय झालं? मुलगा की मुलगी?”

दार उघडलं. धुरपदा उंबऱ्यात आली. “तुमीच बघा, म्हाराज.”

आणि तिच्या मागून पोरं बाहेर पडू लागली. पुढे गंगू, हातात पाटी. तिच्यामागे पोरी, पोरं, पुन्हा पोरी. गावकुसाच्या आतली, बाहेरची, एकमेकांचा हात धरून. येतच राहिली. अंगण भरलं, रस्ता भरला, ओढा भरला. गावात तेवढी पोरं नव्हतीच, असं म्हणतात. पुढे जन्मायची होती तीही त्या दिवशी बाहेर पडली.

राजेसाहेब उठून उभे राहिले. शिकारखाना कुठंच बांधला गेला नाही. वाघही म्हातारा होऊन मेला.

धुरपदा गेली त्याला कितीतरी पिढ्या लोटल्या. पण हिवरतळ्यात अजूनही ज्या घरात पाळणा बांधला जातो, त्या घरानं शाळेवर एक नवं कौल चढवायचं असतं. कौलाच्या पोटाला बाळाचं नाव कोरतात, बाळाची आई त्याचा कोपरा दाताला लावते आणि मग ते वर जातं. घर कुणाचंही असो, यात सूट नाही. म्हणून त्या शाळेला गळती ठाऊक नाही.

मध्यंतरी कुणी साहेब आला होता. इमारत जीर्ण आहे, पाडून टाकू, असं त्याच्या मनात होतं. वर न बघताच त्यानं ओसरीतल्या बायकांना विचारलं, “किती जुनी आहे ही?”

एका बाईच्या मांडीवर तान्हं होतं. तिनं वर बोट केलं.

“जुनी? परवाच्या मंगळवारची हाय, साहेब.”